विश्लेषण : शहरालाच विद्यापीठाची प्रयोगशाळा मानणारे पॅट्रिक गेडिस कोण होते?

मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभाग सुरू झाला. समाजशास्त्राचा देशातील हा पहिला स्वतंत्र विद्यापीठीय विभाग मानला जातो. त्याच्या प्रमुखपदी विद्यापीठाने ज्यांना बसवले, ते वयाच्या पासष्टीला टेकलेले स्कॉटिश गृहस्थ मुळात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्याकडे कोणत्याही विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती. मात्र त्याआधीच्या पाच वर्षांत त्यांनी ठाण्यापासून ढाक्यापर्यंत अनेक शहरे पायी पालथी घातली होती. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस. विद्यापीठ ज्या शहरात उभे आहे, त्या शहराचे ते काही देणे लागते, हा विचार त्यांनी आयुष्यभर मांडला. तो अमलात आणताना स्वतःची कमाईही घातली. आज विद्यापीठांनी समाजाशी जोडून घ्यावे, अशी चर्चा सर्वत्र होते. त्या चर्चेचे एक मूळ या माणसाच्या आयुष्यात सापडते.

पदवी नसलेला प्राध्यापक...

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलॅटर या गावी झाला. वडील सैन्यात होते. मुलाचे बालपण पर्थ या शहराजवळच्या टेकडीवरील घरात गेले. बागकाम, भटकंती, दगड-पाने गोळा करणे यात तो रमला. शाळा संपल्यावर घरच्यांच्या आग्रहाखातर त्याने काही काळ बँकेत नोकरी केली. पण मन लागले नाही. एडिंबरा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकायला गेला आणि आठवडाभरातच बाहेर पडला. वाळवलेल्या नमुन्यांच्या चिरफाडीत जिवंत झाडाचा पत्ताच नाही, अशी त्याची तक्रार होती.

तिथून तो लंडनला टॉमस हक्सली यांच्याकडे गेला. डार्विनच्या सिद्धान्ताचे हे खंदे पुरस्कर्ते त्या काळचे नावाजलेले शिक्षक होते. हक्सलींच्या हाताखाली गेडिस जीवशास्त्रात तयार झाले. पुढे फ्रान्समध्ये त्यांना फ्रेडरिक ल प्ले यांच्या विचारांची ओळख झाली. ल प्ले हे खाणकाम अभियंता. कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून समाज समजून घेता येतो, हे त्यांनी दाखवून दिले होते. ठिकाण, काम आणि कुटुंब या तीन गोष्टी एकत्र पाहायच्या, हे त्यांचे सूत्र. गेडिस यांनी त्यातील कुटुंबाच्या जागी लोकसमूह आणला आणि स्थळ, काम, लोक ही त्रयी आयुष्यभर वापरली. जीवशास्त्रज्ञ प्राण्याकडे पाहताना त्याचा परिसर, त्याची हालचाल आणि तो प्राणी असे तिन्ही पाहतो. माणसांच्या वस्तीकडेही तसेच पाहावे, हा त्यामागचा विचार.

१८७९ मध्ये नमुने गोळा करण्यासाठी ते मेक्सिकोला गेले असताना त्यांची दृष्टी अचानक गेली. डोळ्यांवर पट्टी बांधून अनेक आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. हाताला लागणाऱ्या खिडकीच्या चौकटीवरून त्यांनी विचारांचे चौकोन कल्पायला सुरुवात केली आणि पुढे कागदाच्या घड्या घालून विषयांचे परस्परसंबंध मांडण्याची स्वतःची पद्धत तयार केली. दृष्टी परत आली; पण सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास काम करणे आता कठीण होते. सूक्ष्मदर्शकाकडून शहराकडे वळण्याचे हे एक कारण.

वस्तीतच संसार थाटला तेव्हा...

१८८० मध्ये गेडिस एडिंबरा विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्रात्यक्षिक शिकवू लागले. त्या वेळी शहराचे दोन भाग पडले होते. सुखवस्तू लोक रुंद रस्त्यांच्या नव्या भागात राहायला गेले होते. किल्ल्याखालच्या जुन्या एडिंबरात उंच, कोंदट इमारतींत गरीब कुटुंबे दाटीवाटीने राहत. एकेका खोलीत अख्खे कुटुंब, जिन्यात अंधार, अंगणात कचरा. विद्यापीठ याच जुन्या भागाला लागून होते. पण दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता.

लंडनमध्ये १८८४ साली टॉयन्बी हॉल सुरू झाला होता. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे तरुण तिथे गरीब वस्तीत राहून काम करत. गेडिस यांची दिशा जवळपास तीच होती. पण त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. १८८६ मध्ये लिव्हरपूलच्या एका व्यापाऱ्याची कन्या अ‍ॅना मॉर्टन हिच्याशी त्यांचा विवाह झाला. लवकरच या जोडप्याने नव्या भागातील चांगले घर सोडले आणि जुन्या एडिंबरातील जेम्स कोर्ट या पडक्या इमारतीत बिऱ्हाड हलवले. भिंतींना चुना लावणे, जिने धुणे, खिडक्यांत कुंड्या ठेवणे, अंगणातील राडारोडा उपसणे ही कामे त्यांनी शेजाऱ्यांना सोबत घेऊन सुरू केली. अ‍ॅना स्वतः त्यात पुढे असत. एडिंबरा सोशल युनियन या संस्थेमार्फत घरांची डागडुजी आणि देखरेख होऊ लागली.

गेडिस यांना हे काम दानधर्माचे वाटत नव्हते. विद्यार्थ्याने वस्तीत राहावे, कारण तिथे त्याला शिकायला मिळते. वस्तीने विद्यार्थ्याला सामावून घ्यावे, कारण त्याच्या ज्ञानाचा तिला उपयोग होतो. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी व्हायला हवी, हा त्यांचा आग्रह होता.

‘टाउन अँड गाउन’ म्हणजे काय?

इंग्रजीत विद्यापीठाच्या शहराबद्दल बोलताना टाउन आणि गाउन अशी जोडी वापरतात. टाउन म्हणजे गावकरी, गाउन म्हणजे झगा घालणारे विद्यार्थी आणि प्राध्यापक. शतकानुशतके या दोघांत तेढ होती. गेडिस यांनी १८८७ मध्ये जुन्या एडिंबरात युनिव्हर्सिटी हॉल हे विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू केले. त्याचा कारभार विद्यार्थीच पाहत. वॉर्डनचा बडगा नव्हता. मोडकळीला आलेल्या इमारती घ्यायच्या, दुरुस्त करायच्या आणि तिथे विद्यार्थ्यांना ठेवायचे, अशी ही योजना होती. हळूहळू अशा इमारतींची संख्या वाढली. किल्ल्याच्या पायथ्याशी रॅम्से गार्डन हा रंगीत दर्शनी भागांचा निवासी समूह १८९० च्या दशकात उभा राहिला. तिथे प्राध्यापक आणि विद्यार्थी राहू लागले. खुद्द गेडिस कुटुंबही तिथेच राहायला गेले. सोडून गेलेला सुशिक्षित वर्ग जुन्या भागात परतू लागला.

याच काळात त्यांनी उन्हाळी वर्ग सुरू केले. युरोपभरातील शिक्षक आणि विद्यार्थी सुट्टीत एडिंबराला येत. व्याख्यानांबरोबर शहरात आणि आसपास फेरफटका हा अभ्यासाचाच भाग असे.

पैशाचे गणित मात्र कधीच जुळले नाही. इमारती घेण्यासाठी गेडिस कर्ज काढत, ते फेडण्याआधीच पुढची इमारत घेत. अखेर मित्रांनी आणि हितचिंतकांनी १८९६ मध्ये टाउन अँड गाउन असोसिएशन नावाची कंपनी काढून या मालमत्ता आणि देणी ताब्यात घेतली. विद्यापीठ आणि शहर यांच्या भागीदारीची ही कदाचित सर्वांत रोखठोक आवृत्ती म्हणावी लागेल.

खुद्द एडिंबरा विद्यापीठाने मात्र गेडिस यांना कायमचे स्थान दिले नाही. १८८८ मध्ये वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकपदासाठी त्यांनी अर्ज केला. निवड दुसऱ्याची झाली. त्याच वर्षी डंडी येथील युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांच्यासाठी वनस्पतिशास्त्राचे पद निर्माण झाले. स्थानिक उद्योजक जेम्स मार्टिन व्हाइट यांच्या देणगीतून हे पद आले होते आणि त्यात एक सोय होती : वर्षातून फक्त उन्हाळ्याचे सत्र शिकवायचे. उरलेले नऊ महिने शहरांसाठी मोकळे. ही व्यवस्था १९१९ पर्यंत टिकली.

मनोऱ्यातून शहर कसे दिसते?

१८९२ मध्ये गेडिस यांनी किल्ल्याजवळचा एक जुना मनोरा घेतला. त्याच्या माथ्यावर कॅमेरा ऑब्स्क्युरा होता. अंधाऱ्या खोलीत छतावरील आरसा आणि भिंगातून बाहेरच्या शहराचे हलते चित्र पांढऱ्या टेबलावर उमटते, अशी ही योजना. आधी ती नुसती करमणूक होती. गेडिस यांनी तिचे अभ्यासकेंद्र केले आणि नाव ठेवले आउटलुक टॉवर.

पाहुण्याला ते आधी थेट माथ्यावर नेत. तिथून शहर, डोंगर, समुद्र एका नजरेत दाखवत. मग एकेक मजला उतरायचा. माथ्याखालचा मजला एडिंबराचा, त्याखाली स्कॉटलंड, त्याखाली इंग्रजी भाषक देश, मग युरोप आणि तळाला जग. नकाशे, छायाचित्रे, आलेख, जुनी चित्रे यांनी भिंती भरलेल्या असत. आपल्या गल्लीचा प्रश्न जगाशी कसा जोडलेला आहे, हे पायऱ्या उतरता उतरता कळावे, ही कल्पना. शिकागो विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ चार्ल्स झुब्लिन यांनी १८९९ मध्ये या मनोऱ्यावर लेख लिहून त्याला जगातील पहिली समाजशास्त्रीय प्रयोगशाळा ठरवले.

इथले संशोधन कपाटात पडून राहत नसे. जुन्या एडिंबरात वापरात नसलेल्या मोकळ्या जागा किती, याची पाहणी या केंद्राच्या एका समितीने केली. जवळपास ७५ तुकडे सापडले, मिळून सुमारे १० एकर. त्यातील काही जागांवर मुलांसाठी बागा झाल्या. गेडिस यांची कन्या नोरा त्या कामात आघाडीवर होती. मोजणी झाली, जागा सापडली, बाग झाली. शहरासाठीचे संशोधन कसे असावे, याचा हा त्यांचा नमुना.

आधी पाहणी, मग आराखडा...

१९०३ मध्ये पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी डन्फर्मलिन या आपल्या जन्मगावाला मोठी देणगी दिली. तिथल्या उद्यानाचा आराखडा गेडिस यांच्याकडे आला. त्यांनी उद्यानापुरते न थांबता साऱ्या गावाचा विचार करणारा अहवाल १९०४ मध्ये छापला. विश्वस्तांना तो झेपला नाही आणि त्यांनी तो स्वीकारला नाही. त्याच सुमारास लंडनच्या सोशिऑलॉजिकल सोसायटीपुढे त्यांनी नागरिकशास्त्राची आपली कल्पना मांडली.

मराठी वाचकाला नागरिकशास्त्र म्हटले की शाळेत इतिहासाच्या पुस्तकामागे जोडलेला थोड्या गुणांचा विषय आठवतो. गेडिस यांचा अर्थ वेगळा होता. नागरिकशास्त्र म्हणजे शहराचा प्रत्यक्ष अभ्यास आणि त्यातून येणारी कृती. डॉक्टर रोगी तपासल्याशिवाय औषध देत नाही, तसे शहर तपासल्याशिवाय आराखडा करू नये. तपासणीत जमीन, पाणी, इतिहास, व्यवसाय, रहदारी, घरे, सण, सगळे यायला हवे. ती नुसती तज्ज्ञांनी करायची नाही. शाळकरी मुले, विद्यार्थी, रहिवासी यांनीही करायची. तिचे निष्कर्ष प्रदर्शनातून लोकांपुढे ठेवायचे. त्यासाठी त्यांनी शहरांचे मोठे फिरते प्रदर्शन तयार केले. १९१३ मध्ये बेल्जियममधील घेंट येथे त्याला पारितोषिकही मिळाले.

भारतात कसे आले?

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून १९१४ मध्ये गेडिस मुलगा अ‍ॅलस्डेअरसह भारतात आले. प्रदर्शनाचे सामान क्लॅन ग्रँट या वेगळ्या जहाजातून येत होते. पहिले महायुद्ध पेटले होते. मद्रासवर तोफगोळे डागणाऱ्या एमडन या जर्मन युद्धनौकेने ऑक्टोबरमध्ये हे जहाज बुडवले. वर्षानुवर्षे जमवलेले नकाशे आणि चित्रे समुद्राच्या तळाशी गेली. ब्रिटनमधील मित्रांनी धावपळ करून नवा संग्रह पाठवला आणि जानेवारी १९१५ मध्ये मद्रास विद्यापीठाच्या सिनेट हाउसमध्ये प्रदर्शन भरले.

पुढची काही वर्षे गेडिस यांनी शहरोशहरी अहवाल लिहिण्यात घालवली. मुंबई इलाख्यातील ठाणे, वांद्रे, सुरत, भडोच, अहमदाबाद. शिवाय नागपूर, बडोदा, तंजावर, लखनौ, लाहोर, ढाका, कोलकाता. याच १९१५ साली मुंबई इलाख्यात देशातील पहिला नगररचना कायदा झाला. शहरे कशी सुधारावीत, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर होता. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढण्याचा मार्ग धरला होता. इतर शहरांतही तोच कित्ता गिरवला जात होता. घरे पाडली जात. उठवलेली माणसे शेजारच्या वस्तीत अधिक गर्दी करत. रोग हटत नसे, जागा बदलत असे.

गेडिस यांनी यावर जो पर्याय दिला, त्याला जपून केलेली शस्त्रक्रिया म्हणता येईल. सरळ पट्टी ठेवून रस्ता आखण्याऐवजी ते पहाटेपासून गल्लीबोळ फिरत. कोणते घर खरोखर पडायला आले आहे, कोणत्या वाड्याची भिंत थोडी मागे घेतली की वारा येईल, कुठे विहीर साफ केली की पाणी मिळेल, कुठे झाडाखालचा पार मोकळा केला की लोक बसतील, हे नकाशावर टिपत. फारच थोडी घरे काढायची, बाकी जपायची. त्यामुळे खर्च कमी होई आणि माणसे आपल्या जागी राहत. मंदिराचा तलाव बुजवण्यापेक्षा स्वच्छ करावा, असे ते सांगत. देशी घर, अंगण, तुळशीवृंदावन आणि सण यांत आरोग्याची जाण आहे, हे त्यांनी सरकारी अहवालांतून मांडले. त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या लिखाणात अशी नजर विरळा होती.

इंदूरची दिवाळी का गाजली?

होळकरांच्या इंदुरात प्लेगची साथ होती. गेडिस यांना आराखड्यासाठी बोलावले गेले. हातात नकाशा घेऊन फिरणाऱ्या या दाढीवाल्या साहेबाला पाहून लोक घाबरले. आता आपली घरे पाडणार, अशी समजूत झाली. ही भीती घालवल्याशिवाय सर्वेक्षण होणार नव्हते. गेडिस यांनी दरबाराकडे एक दिवसापुरता महाराजाचा मान मागितला आणि तो मिळाला.

दिवाळीची मिरवणूक निघेल; पण ती नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या गल्ल्यांत सर्वाधिक घरे स्वच्छ आणि दुरुस्त झालेली असतील, त्या गल्ल्यांतून ती जाईल, अशी घोषणा झाली. शहर कामाला लागले. गाड्या भरभरून कचरा बाहेर गेला, भिंतींना रंग लागला. मिरवणुकीत सुगीचे देखावे आले, हत्ती आले. प्लेग पसरवणाऱ्या उंदराची प्रचंड प्रतिमा आली आणि घाणीचा राक्षसही आला. शेवटी त्यांचे दहन झाले. सफाई कामगार पांढरे स्वच्छ कपडे घालून, हारतुरे घेऊन मिरवणुकीत मानाने चालले. तुळशीची रोपे वाटली गेली. सणाचीच ताकद वापरून सार्वजनिक आरोग्याचा धडा देण्याची ही रीत होती.

१९१८ मध्ये इंदूरचा दोन खंडांचा अहवाल आला. त्याचा एक मोठा भाग मध्य भारतासाठीच्या नव्या विद्यापीठाबद्दल आहे. नुसत्या परीक्षा घेणारी विद्यापीठे गेडिस यांना मान्य नव्हती. ग्रंथालय, संग्रहालय, नाट्यगृह, बागा या नागरिकांच्या वापरातील संस्था हाच विद्यापीठाचा पाया असावा आणि शहराच्या प्रश्नांवर तिथे काम व्हावे, असे त्यांनी सुचवले. इंदुरात विद्यापीठ स्थापन व्हायला १९६४ साल उजाडले.

या कामाच्या ऐन भरात त्यांच्यावर दोन आघात झाले. एप्रिल १९१७ मध्ये अ‍ॅलस्डेअर फ्रान्समधील रणभूमीवर मारला गेला. त्या वेळी अ‍ॅना लखनौत आजारी होत्या. मुलाच्या मृत्यूची बातमी गेडिस यांनी त्यांच्यापासून लपवून ठेवली. जूनमध्ये त्यांचेही निधन झाले. एडिंबराच्या पडक्या इमारतीपासून भारतापर्यंत प्रत्येक उपक्रमात अर्धा वाटा उचलणारी सोबतीण गेली. गेडिस थांबले नाहीत. पण त्यानंतर ते खऱ्या अर्थाने कुठे स्थिरही झाले नाहीत.

मुंबई विद्यापीठाने त्यांना का बोलावले?

१८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ दीर्घकाळ मुख्यतः परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी संस्था होते. शिकवणे महाविद्यालयांत चाले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात विद्यापीठाने स्वतःचे पदव्युत्तर विभाग उघडण्याचे ठरवले. त्यात समाजशास्त्राचा समावेश झाला आणि विभागाच्या नावातच नागरिकशास्त्र आले. शहरांचा एवढा प्रत्यक्ष अनुभव असलेला दुसरा अध्यापक देशात नव्हता. गेडिस १९१९ मध्ये रुजू झाले.

त्या वेळची मुंबई म्हणजे अभ्यासाची खाणच. गिरण्यांचे भोंगे, कोकण-घाटावरून येणारे कामगार, एका खोलीत राहणारी अनेक माणसे, महागलेली भाडी. वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी येथे बीडीडी चाळी उभ्या राहण्याचा हा काळ. विद्यार्थ्यांनी ग्रंथालयाइतकेच रस्त्यावरून शिकावे, असे गेडिस यांना वाटे. मात्र टिपणे उतरवून परीक्षेत लिहिण्याची सवय लागलेल्या वर्गाला त्यांची पद्धत अवघड गेली. बोलता बोलता ते वनस्पतींवरून ग्रीक देवतांवर आणि तिथून गटारांवर जात. अभ्यासक्रमाच्या चौकटीत ते मावत नव्हते.

तरीही एका विद्यार्थ्याने त्यांचे लक्ष वेधले. मालवणात जन्मलेले, संस्कृतचे पदवीधर गोविंद सदाशिव घुर्ये. मुंबई हे नागरी केंद्र म्हणून कसे घडले, यावर घुर्ये यांनी लिहिलेला निबंध गेडिस यांना आवडला. त्यांच्या शिफारशीने विद्यापीठाने घुर्ये यांना शिष्यवृत्तीवर इंग्लंडला पाठवले. केंब्रिजहून पीएचडी घेऊन परतलेल्या घुर्ये यांच्याकडे १९२४ मध्ये विभागाची सूत्रे आली. ती १९५९ पर्यंत त्यांच्या हाती राहिली. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई ही नावे याच परंपरेतली.

मुंबईतला प्रयोग फसला का?

एका अर्थाने, हो. घुर्ये यांचा कल जात, वंश, कुटुंब, धर्म आणि संस्कृत ग्रंथांकडे होता. विभागाचा दबदबा देशभर निर्माण झाला. पण विद्यार्थी आणि रहिवासी मिळून शहराची पाहणी करताहेत आणि त्यातून शहर बदलते आहे, हे गेडिस यांचे स्वप्न मागे पडले. घुर्ये यांनी पुढे शहरांवर लिहिले. पुण्याजवळच्या लोणीकंद गावाचा सव्वाशेहून अधिक वर्षांनी फेरअभ्यासही केला. मात्र तो विद्वानाचा अभ्यास होता. त्यामागे नागरिकांची चळवळ नव्हती.

दुसऱ्या अर्थाने, बी पूर्ण वाया गेले नाही. इरावतीबाईंनी फलटणसारख्या वाढत्या गावाचा आणि कोयना धरणग्रस्तांचा अभ्यास केला. देसाई यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांवर संशोधन केले. विद्यापीठाबाहेरही समांतर कामे उभी राहिली. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची घरोघर पाहणी करून ती १९४५ आणि १९५२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केली. मुंबईत १९३६ मध्ये समाजकार्य शिकवणारी टाटा संस्था सुरू झाली. ही कामे गेडिस यांच्यामुळेच झाली, असे म्हणता येणार नाही. पण विद्वानाने शहराच्या दारात जायला हवे, हा धागा समान आहे.

गेडिस यांच्याकडेही दोष होते. ते एका कामावर टिकून राहत नसत. मुंबईच्या नेमणुकीच्या काळातच ते जेरुसलेममधील नियोजित हिब्रू विद्यापीठाच्या आराखड्यासाठी जात-येत होते. तो आराखडा बहुतांशी कागदावरच राहिला. त्यांचे लिखाण गुंतागुंतीचे असे. शिवाय लोकसहभागाचा आग्रह धरणारा हा माणूस काम करत होता तो गव्हर्नर आणि संस्थानिकांच्या आमंत्रणावर. ज्यांच्या घरांबद्दल तो लिहीत होता, त्या रहिवाशांच्या हाती आराखडा मंजूर-नामंजूर करण्याचा अधिकार नव्हता. म्हणूनच त्यांचे बरेचसे अहवाल नगरपालिकांच्या दप्तरात धूळ खात पडले.

अखेरची वर्षे...

प्रकृती ढासळल्याने गेडिस यांनी १९२४ मध्ये मुंबई सोडली आणि दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए येथे जागा घेतली. तिथे त्यांनी स्कॉट्स कॉलेज नावाचे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी निवासस्थान उभारायला घेतले. पुन्हा मनोरा, पुन्हा बाग, पुन्हा कर्ज. १९२५ मध्ये त्यांनी तेल अविव शहराचा आराखडा दिला. त्यांच्या आराखड्यांपैकी प्रत्यक्षात बऱ्यापैकी उतरलेला हा एक. तेल अविवचा हा भाग २००३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

भारताशी त्यांचा संबंध सुटला नाही. जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र त्यांनी १९२० मध्ये लिहिले होते. रवींद्रनाथ टागोरांशी विश्वभारतीच्या रचनेबद्दल त्यांचा पत्रव्यवहार होता आणि धाकटा मुलगा आर्थर याने श्रीनिकेतनमध्ये ग्रामीण भागाचा अभ्यास केला. पूर्वी नाकारलेला सर हा किताब त्यांनी १९३२ मध्ये स्वीकारला. त्या हिवाळ्यात लंडनला गेल्याने तब्येत आणखी बिघडली आणि १७ एप्रिल १९३२ रोजी माँपेलिएमध्ये त्यांचे निधन झाले. अमेरिकी विचारवंत लुइस ममफर्ड त्यांना गुरू मानत. त्यांनी आपल्या मुलाचे नावच गेडिस ठेवले. भारतातील अहवालांतील निवडक भाग १९४७ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने आले आणि नगररचनाकारांची नवी पिढी त्यांच्याकडे वळली.

आज हा विषय महत्त्वाचा का?

विद्यापीठ आणि शहर यांच्या भागीदारीबद्दल आज जे बोलले जाते, त्यातील बहुतेक प्रश्न गेडिस यांच्या आयुष्यात आधीच आलेले आहेत. संशोधन कुणासाठी? वस्तीत जाऊन माहिती गोळा केली, तर ती वस्तीला परत मिळते का? विद्यार्थ्याच्या अशा कामाला परीक्षेत किंमत असते का? आणि प्राध्यापक निघून गेल्यावर काम चालू ठेवण्याची जबाबदारी कुणाची?

या शेवटच्या प्रश्नावर मुंबईचा अनुभव बोलका आहे. एडिंबरात घरे, वसतिगृहे, बागा आणि त्या चालवणारी कंपनी मागे राहिली, म्हणून व्यक्ती गेल्यावरही काम टिकले. रॅम्से गार्डन आजही वसलेले आहे, मनोऱ्यातील कॅमेरा ऑब्स्क्युरा आजही सुरू आहे. मुंबईत विभाग होता, प्राध्यापक होते, हुशार विद्यार्थी होते. पण एखाद्या वॉर्डाशी, चाळ समितीशी किंवा महापालिकेशी विद्यापीठाला बांधणारी कायमची व्यवस्था उभी राहिली नाही. प्राध्यापक बदलले आणि दिशा बदलली.

बीडीडी चाळींच्या जागी आता टॉवर येत आहेत, धारावीच्या पुनर्विकासावर वाद झडत आहेत. कोणती भिंत पाडायची आणि कोणती राखायची, याचा निर्णय आराखडा होण्याआधी कुणी गल्लीत फिरून, मोजून आणि लोकांना विचारून करतो का, हा गेडिस यांचा सवाल या प्रत्येक ठिकाणी लागू होतो. ही पाहणी करण्यासाठी लागणारे हजारो विद्यार्थी शहरातच आहेत. त्यांना त्या गल्लीत पाठवणे, तिथल्या कामाचे गुण देणे आणि निष्कर्ष रहिवाशांच्या हाती ठेवणे, एवढे करणारा विभाग ज्या विद्यापीठात असेल, तिथे १९१९ च्या त्या विभागाच्या नावातील दुसऱ्या शब्दाला खरा अर्थ मिळेल.